एकामागून एक शीत आघाड्या: हवामानाचा अंदाज वाचताना या चुका टाळा

वसंताच्या तोंडावर मध्य अक्षांशांत आठवड्याला दोन-तीन शीत आघाड्या, म्हणजे उबदार हवेला ढकलत पुढे सरकणाऱ्या थंड हवेच्या कडा, ओळीने येऊन जातात. ऊन दिवसेंदिवस चढत असतं, जमीन अजून गार असते आणि वरच्या थरांत हिवाळ्याची हवा ठाण मांडून बसलेली असते. या दिवसांत ‘अंदाज चुकला’ अशी ओरड सगळ्यात जास्त होते. पुष्कळदा अंदाज ठीक असतो, वाचण्यात घोळ होतो. लोक तारीख वाचतात. आघाडी कोणत्या तासाला येणार, ते वाचत नाहीत.

कमाल-किमान पाहून दिवस ठरवणं

समजा, अंदाजात कमाल १५ अंश आणि किमान ४ अंश आहे. वाचणारा दुपारी १५ असेल असं धरून चालतो. पण आघाडी सकाळी आठला येणार असेल, तर ते १५ अंश पहाटेच होऊन गेलेले असतात. दुपारी एकला पारा ७ वर आणि वर बोचरा वारा. अंदाज बरोबर, माणूस मात्र गारठलेला.

उपाय म्हणजे ताशी तक्ता उघडा आणि तापमानाआधी तीन रकाने बघा: वाऱ्याची दिशा, दवबिंदू (हवा ज्या तापमानापर्यंत गार झाली की दव पडू लागतं तो आकडा; हवा कोरडी तितका तो खाली), वायुदाब. ज्या ओळीत वारा फिरतो, दवबिंदू झपकन उतरतो आणि घसरणारा वायुदाब चढू लागतो, ती आघाडीची ओळ. उत्तर गोलार्धात वारा येण्याची दिशा साधारणपणे नैर्ऋत्येकडून पश्चिम किंवा वायव्येकडे फिरते, दक्षिण गोलार्धात वायव्येकडून नैर्ऋत्येकडे. नुसत्या तापमानावर विसंबू नका. आघाडीआधीच्या पावसानेही पारा उतरतो, आणि आघाडी गेल्यावर लख्ख ऊन पडलं तर दुपारी तो फारसा उतरतच नाही. दवबिंदू सहसा अशी फसवणूक करत नाही.

आणखी एक हिशेब. आघाडी ताशी ४० किलोमीटरने सरकत असेल, तर वेळेतली तीन तासांची चूक म्हणजे नकाशावर १२० किलोमीटर. संगणकावर अंदाज काढणाऱ्या मॉडेलच्या दृष्टीने ही किरकोळ चूक. पण आघाडी सकाळी अकराला आली की दुपारी दोनला, यावर त्या दिवसाचं कमाल तापमान पाच-सात अंशांनी इकडचं तिकडे होऊ शकतं. म्हणून आघाडीच्या दिवसाचा कमाल तापमानाचा आकडा हा अख्ख्या आठवड्यातला सगळ्यात कच्चा आकडा समजा. परिसरासाठी अंदाज लिहून देत असाल तर एक आकडा देऊ नका. ‘आघाडीपर्यंत १४-१५, नंतर तासाभरात ८’ असं लिहा.

हवामानाच्या नकाशावरची वेळ बहुधा यूटीसीमध्ये, म्हणजे जगभर एकच धरलेल्या प्रमाणवेळेत, असते, हेही विसरलं जातं. शिवाय अनेक देशांत घड्याळं एक तास पुढे करतात ती नेमकी याच दिवसांत, मार्चमध्ये. परवापर्यंत तोंडपाठ असलेला फरक आज एक तासाने बदललेला असतो.

पुढची आघाडी मागच्यासारखीच असेल असं धरणं

पहिल्या आघाडीने धो-धो पाऊस दिला, म्हणून दुसरीही देईल असं नाही. पहिली आघाडी दमट हवा ढकलून नेते. ती समुद्राकडून परत भरून यायला बरेचदा दीड-दोन दिवस लागतात. दुसरी आघाडी त्याआधीच आली तर ढग, वारा आणि चार थेंब, एवढ्यावर निभावतं. दोन आघाड्यांमधलं अंतर किती तासांचं आहे आणि त्या मधल्या काळात दवबिंदू पुन्हा चढतो का, हे बघा. दवबिंदू २-३ अंशांवरच अडकला असेल आणि अंदाजातलं चिन्ह मात्र मुसळधार पावसाचं असेल, तर चिन्हावर भरवसा ठेवू नका.

उलट बाजूही आहे. जमिनीलगतची हवा आधीच गार असल्याने दुसऱ्या आघाडीचा तापमानातला उतार लहान दिसतो आणि लोक तिला ‘कमजोर’ म्हणून मोकळे होतात. पण शून्य अंशाची पातळी, म्हणजे ज्या उंचीवर हवा शून्य अंशावर येते ती, एव्हाना खाली उतरलेली असते. पहिल्या वेळी जिथे पाऊस पडला, तिथे आता बर्फ पडू शकतो. वाराही जास्त असू शकतो, कारण तो तापमानाच्या आकड्यावर नव्हे, वायुदाबाच्या उतारावर ठरतो. नकाशावर समदाब रेषा (सारख्या वायुदाबाची ठिकाणं जोडणाऱ्या रेषा) किती दाटल्या आहेत ते बघा. आणि सरासरी वारा वाचून थांबू नका, झोतांचा आकडा वाचा: ४० ऐवजी ६० किलोमीटरचा झोत म्हणजे ताडपत्रीवर सव्वादोन पट जोर.

तिसऱ्या आघाडीपर्यंत जमीन पाणी पिऊन तुडुंब झालेली असते. तेव्हा २० मिलिमीटर पाऊस म्हणजे पहिल्या खेपेचे २० मिलिमीटर नव्हेत. तो मुरत नाही, वाहतो. साचलेल्या बर्फावर पडला तर वितळलेलं पाणीही त्यात मिळतं.

‘आघाडी गेली, पाऊस संपला’

काही आघाड्यांमध्ये पावसाचा पट्टा पुढे असतो, आणि आघाडी गेली की तासाभरात आभाळ फाटतं. काहींमध्ये उबदार हवा थंड हवेच्या उतारावरून मागे चढत राहते. हा उतार साधारण १:५० ते १:१०० असतो, म्हणजे आघाडीच्या १०० किलोमीटर मागे थंड हवेचा थर एक ते दोन किलोमीटर जाड. अशा वेळी वारा फिरल्यानंतरही कित्येक तास रिपरिप चालते. कोणता प्रकार आहे, हे उपग्रहाच्या चित्रात ढगांची कड वारा फिरण्याच्या रेषेच्या मागे किती पसरली आहे त्यावरून लगेच कळतं.

दुसरा फसवा टप्पा त्यानंतरचा. सकाळी निळंशार आकाश, दुपारी एकाएकी सरी आणि बारीक मऊ गारा. वरची हवा गार, खालची उन्हाने तापलेली. या ऋतूत ऊन पुरेसं तापतं म्हणून हे घडतं. सूर्य कलला की सरी विरतात.

थंडीची खरी रात्र चुकवणं

बागायतदारांचं सगळ्यात जास्त नुकसान या चुकीने होतं. आघाडी गेली त्याच रात्री सगळी तयारी, आणि दुसऱ्या रात्री निर्धास्त झोप. खरं तर पहिल्या रात्री वारा वाहत असतो, हवा ढवळली जाते आणि पारा बहुधा एका मर्यादेपलीकडे उतरत नाही. दुसऱ्या रात्री जास्त दाबाचा पट्टा डोक्यावर येतो, वारा पडतो, आकाश निरभ्र होतं आणि जमीन आपली उष्णता वर फेकत बसते. दहिवर, म्हणजे गवतावर बर्फाचा पांढरा थर, पडतं ते तेव्हा.

अंदाजातला आकडा जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवरच्या, आडोशातल्या तापमापकाचा असतो. शांत रात्री गवताच्या पातीवर त्यापेक्षा तीन ते पाच अंश कमी असू शकतात. म्हणून ‘किमान ३ अंश’ वाचून सुटकेचा नि:श्वास टाकू नका. फुलोऱ्यातल्या सफरचंदाला उणे २.२ अंशांच्या आसपास दहा टक्के फुलांचं नुकसान होतं, उणे ३.९ च्या आसपास नव्वद टक्के. मधलं अंतर दोन अंशसुद्धा नाही.

संध्याकाळचा दवबिंदू इथे कामाचा. तो २ अंश असेल तर पारा तिथवर आल्यावर दव पडू लागतं, त्यातून उष्णता सुटते आणि घसरण मंदावते. तो उणे ६ असेल तर मध्ये अडवायला काहीच नाही. पांढरं दहिवर न दिसताही कोंब काळे पडतात.

तुषार सिंचनाने झाडं वाचवणाऱ्यांनी अशा कोरड्या रात्री विशेष सावध राहावं. एक किलो पाणी गोठताना सुमारे ३३४ किलोज्यूल उष्णता सुटते, पण एक किलो पाण्याची वाफ होताना सुमारे २५०० किलोज्यूल शोषली जाते, म्हणजे साडेसात पट. हवा कोरडी आणि पाणी अपुरं असेल तर झाड वाचण्याऐवजी आणखी गारठतं. पंप साध्या तापमापकावर नव्हे, ओल्या फडक्याच्या तापमापकावर (ज्याच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळलेलं असतं, म्हणून कोरड्या हवेत तो कमी आकडा दाखवतो) सुरू करा, तो शून्यावर येण्याआधी. मध्ये बंद करू नका. तोच आकडा शून्याच्या वर जाऊन बर्फ सुटू लागेपर्यंत चालू ठेवा. वारा असेल तर हा उपाय नकोच. आच्छादन घालायचं तर ते जमिनीपर्यंत टेकवा, नाहीतर मातीची ऊब बाजूने निघून जाते.

ओळीने आघाड्या येत असताना आणखी एक गोष्ट या रात्रीचा निकाल लावते: पुढच्या आघाडीचे उंचावरचे ढग कधी येतात. ते रात्री दोनला दाटले तर घसरण थांबते, पहाटे पाचला आले तर तोवर नुकसान झालेलं असतं. ताशी तक्त्यात ढगांचा रकाना यासाठीच असतो.

टक्केवारी आणि दर सहा तासांनी बदलणारं मत

पावसाची शक्यता ४० टक्के म्हणजे ४० टक्के वेळ पाऊस नव्हे. अशा दहा प्रसंगांपैकी चारांत त्या जागी, त्या कालावधीत मोजता येईल इतका पाऊस पडतो, एवढंच. कालावधी न बघता आकडे ताडून पाहिले तर गोंधळ ठरलेला: बारा तासांसाठीचे ६० टक्के आणि एका तासासाठीचे २० टक्के एकाच पावसाबद्दल असू शकतात.

मोठी जागतिक मॉडेलं दिवसातून चार वेळा चालतात: ००, ०६, १२ आणि १८ यूटीसी. दर वेळी आघाडी दोन तास मागे-पुढे होते आणि उत्साही मंडळी दर वेळी बेत बदलतात. सलग तीन वेळा ती एकाच दिशेला सरकली तरच दखल घ्या. चार-पाच दिवसांपुढचं बघायचं असेल तर एकच अंदाज न बघता संच बघा, म्हणजे किंचित वेगवेगळ्या सुरुवातींपासून काढलेले अनेक अंदाज. युरोपीय हवामान अंदाज केंद्राच्या (ईसीएमडब्ल्यूएफ) संचात ५० बदललेल्या सुरुवाती आणि एक मूळ, असे ५१ अंदाज असतात. त्यांत आघाडीची वेळ अठरा तासांत विखुरली असेल, तर ‘गुरुवारी दुपारी’ असं लिहिणं म्हणजे निव्वळ हौस.

अंदाज फसल्यासारखा वाटला तर

आधी घरचं उपकरण तपासा. वायुदाब अंदाजापेक्षा ३० हेक्टोपास्कल (वायुदाबाचं एकक) कमी दिसतोय? बहुधा तो समुद्रसपाटीवर आणलेला नाही. दर ८ मीटर उंचीला साधारण १ हेक्टोपास्कल कमी होतो, म्हणजे तुम्ही अडीचशे मीटरवर आहात. आकडा चुकीचा असला तरी कल खरा असतो: तीन तासांत ३.५ हेक्टोपास्कलहून जास्त घसरण म्हणजे काहीतरी वेगाने जवळ येतंय. तापमापक भिंतीला टेकलेला किंवा उन्हात असेल तर त्याच्याशी कुठलाच अंदाज जुळणार नाही.

मग वारा बघा. तो तक्त्यात दुपारी दोनला फिरायचा होता आणि बाराला फिरला, तर तक्ता फेकून देऊ नका. सगळा दोन तास अलीकडे ओढा. पाऊस थांबण्याची, झोतांची, पारा उतरण्याची वेळ बहुतेक जुळते. रात्रीच्या किमान तापमानाला मात्र हा हिशेब लावू नका. आघाडी लवकर आली तरी सूर्य त्याच्या वेळेलाच उगवतो, त्यामुळे निरभ्र रात्र तेवढी लांबते आणि पहाटेचा आकडा अंदाजाहून खाली जाऊ शकतो.