काळा कुडा, पांढरा कुडा आणि माझं लेबल

बॉटनीच्या व्हायव्हाला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी माझ्या हर्बेरियम शीटच्या (सुकवलेली फांदी चिकटवलेल्या कागदाच्या) कोपऱ्यातलं पाकीट उघडलं आणि त्यातलं एक सुकं फूल गरम पाण्यात टाकलं. ते मऊ होईपर्यंत माझ्याशी ठाण्याच्या पावसाबद्दल गप्पा मारल्या, मग मायक्रोस्कोप माझ्याकडे सरकवला. "पाकळ्यांच्या मधोमध काय दिसतंय?" झालर दिसत होती. बारीक चिरलेल्या खवल्यांची, आणि तिच्यातून वर आलेला परागकोशांचा सुळका. लेबलवर मात्र माझ्याच सुवाच्य अक्षरात होतं: होलारेना प्युबेसेन्स, पांढरा कुडा. झाड होतं राइटिया टिंक्टोरिया, म्हणजे काळा कुडा.

नाव काळा असलं तरी फुलं याचीही पांढरीच. दोघांची पानं समोरासमोर, दोघांना चीक, दोघांच्या पाकळ्या पाच, कूळ एकच, अपोसायनेसी. आपल्या डोंगरउतारांवर दोन्ही सापडतात. फरक फुलाच्या घशात आहे: काळ्या कुड्याला झालर असते आणि परागकोश एकमेकांना टेकून बाहेर डोकावतात, पांढऱ्याला झालर नसते आणि परागकोश नळीच्या आत दडलेले असतात. शेंगा लागल्यावर तर लांबूनही कळतं. काळ्या कुड्याच्या जोडशेंगा टोकाशी चिकटलेल्या असतात, पांढऱ्याच्या सुट्या लोंबतात.

हे सगळं मला परीक्षेच्या आदल्या रात्रीही पाठ होतं. मग चुकलं कुठे? हे जरा लांबण लावून सांगते, कारण पहिल्या वर्षाला येणारे बहुतेक जण याच खड्ड्यात पडताना दिसतात.

घोडबंदर रोडला मामाच्या सोसायटीमागे मोकळा प्लॉट आहे, तिथलं हे झाड. फांदी तोडायच्या आधीच मी फोन धरला. झाड ओळखणाऱ्या ॲपने पांढरा कुडा सांगितलं. एका सीनिअरनेही लांबूनच मान डोलावली. मग घरी येऊन 'की' (लक्षणांच्या पायऱ्यांनी नावापर्यंत नेणारा तक्ता) उघडली ती नाव शोधायला नाही, सापडलेलं नाव पक्कं करायला. प्रत्येक पायरीवर "या फुलाला काय आहे?" असं विचारायचं सोडून मी "पांढऱ्या कुड्याला काय असतं?" असं विचारत गेले. झालरीच्या पायरीला आले तेव्हा झालर समोर होती. "पुंकेसरांचे केस असतील" म्हणून पुढे सरकले. कहर म्हणजे प्लॉटवर उभं राहून फील्ड बुकात मीच लिहिलं होतं: "मध्ये सुळका, भोवती झालर." ते पान व्हायव्हाच्या टेबलावर उघडंच पडलं होतं.

तेव्हा ऐका. फूल आधी उभं कापा, अंडाशयाचा आडवा छेद घ्या, चित्र काढा, फ्लोरल फॉर्म्युला (फुलाच्या भागांचं सूत्र) लिहा, आणि तोवर त्या झाडाला नुसता नंबर द्या. नाव नको, मराठीसुद्धा नको. मग आधी कुळाची 'की', नंतर प्रजातीची. कोणत्या पायरीवर कुठला पर्याय घेतला ते वहीत उतरवा. दोन पर्यायांत अडलात तर दोन्ही वाटांनी जाऊन बघा, चुकीची वाट दोन-तीन पायऱ्यांत स्वतःच विचित्र बोलायला लागते. ॲप सगळ्यात शेवटी. मी ॲपविरोधी नाही, पण पानाच्या फोटोवरून त्याला फुलाचा घसा कसा दिसणार? आणि जो सीनिअर विचारल्याबरोबर नाव सांगतो त्याच्यापासून जरा लांबच राहा. आमच्या लॅबमधले एक अटेंडंट मामा नाव कधीच सांगायचे नाहीत, ब्लेड आणि लेन्स पुढे करायचे. तेव्हा राग यायचा.

त्या व्हायव्हानंतर माझ्या चाळीस शीट्स मी पुन्हा तपासल्या. आणखी तीन चुकीच्या निघाल्या. रडले. पण खरं सांगते, यात लाजण्यासारखं फारसं नाही. कुठल्याही जुन्या हर्बेरियममध्ये जा, मोठमोठ्या लोकांच्या शीटवर पुढच्यांनी दुरुस्तीच्या चिठ्ठ्या लावलेल्या दिसतील. सेंट झेविअर्समधलं ब्लॅटर हर्बेरियम आपल्याला सीएसएमटी लोकलच्या अंतरावर आहे. विभागाचं पत्र घेऊन, आधी विचारून जा आणि आपलं फूल तिथल्या शीटशेजारी ठेवून बघा. जुन्या शीट्सना विषारी मर्क्युरिक क्लोराइड लावलेलं असू शकतं, त्यामुळे हात धुतल्याशिवाय जेवणाचा डबा उघडू नका.

कूकचा फ्लोरा, म्हणजे मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींचा ग्रंथ (1901 ते 1908), आजही वापरतात, वापराच. फक्त त्यातली नावं जशीच्या तशी लेबलवर उतरवू नका. पांढरा कुडा त्यात होलारेना अँटिडिसेंटेरिका आहे. आजचं नाव लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानाच्या ऑनलाइन यादीत तपासा.

कुळांचा गोंधळ वेगळा. वर्गीकरणाची जुनी बेंथम-हूकर पद्धत डोळ्यांना दिसणाऱ्या लक्षणांवर उभी आहे, नवी एपीजी पद्धत (अँजिओस्पर्म फायलोजेनी ग्रुपची, 1998 पासून, चौथी आवृत्ती 2016) मुख्यतः डीएनएच्या नात्यांवर. ऐरोलीच्या खाडीवर उभं राहिलात तर हे पटकन समजतं: तिवर बेंथम-हूकरमध्ये व्हर्बिनेसीत, म्हणजे सागाच्या घरात. एपीजीने त्याला अकँथेसीत नेलं, त्याच चिखलातल्या काटेरी मारांडीच्या घरात. सागही व्हर्बिनेसीत राहिला नाही, तो तुळशीकडे गेला. रुई आता कुड्याच्या कुळात आहे. परीक्षेत कुठली पद्धत हवी ते सिलॅबसमध्ये बघा आणि तीच लिहा, क्रांती नंतर करा.

क्लॅडोग्रामबद्दल, म्हणजे नात्यांच्या फांद्यांच्या आकृतीबद्दल, एकच: टोकांचा वरखाली क्रम वाचू नका, फांद्या कुठे जुळतात ते वाचा. आणि डीएनए करणार असाल तर सिलिका जेलमध्ये सुकवलेल्या पानासोबत त्याच झाडाची शीट ठेवाच. शीट नसली की चुकलेलं नाव शोधायला परत जायची जागाच उरत नाही.

येऊर आणि खाडीबद्दल स्पष्ट सांगते. ठाण्याचं येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं. वन विभागाच्या लेखी परवानगीशिवाय तिथे पानही तोडायचं नाही, "अभ्यासासाठी" म्हटलं तरी नाही. तिवरांनाही हात लावू नका. फोटो काढा, नोंदी करा, तोडायचं ते मालकाला विचारून मोकळ्या प्लॉटवरून. जुलैत फांद्या दाबून सुकवायच्या प्रेसमधले कागद सुरुवातीला रोज दोनदा बदला, नाहीतर बुरशी धरते. आमच्या घरात त्या महिन्यात वाचायला एकही पेपर शिल्लक नसायचा, आईचं बोलणं अजून कानात आहे.

चूक सापडली की जुनं लेबल फाडायचं नसतं. शेजारी नवी चिठ्ठी चिकटवायची: योग्य नाव, तारीख, सही. माझ्या कुड्याच्या शीटवर आता दोन नावं आहेत आणि दोन्हींखाली सही माझीच आहे.