मेडिकल ट्रान्सक्रिप्शनचा कोर्स निवडताना
मेडिकल ट्रान्सक्रिप्शन म्हणजे डॉक्टरांनी बोलून ध्वनिमुद्रित केलेली माहिती ऐकून तिचा लेखी अहवाल टाइप करणे. कोर्सची फी भरण्यापूर्वी तेथे डॉक्टरांच्या आवाजातील, वेगवेगळ्या उच्चारांची ध्वनिमुद्रणे किती तास ऐकवली जातात आणि विद्यार्थ्याने टाइप केलेला अहवाल कोणी ओळीओळीने तपासून परत देते का, हे आवर्जून विचारावे. ‘इलियम’ हा एकच उच्चार लहान आतड्याच्या शेवटच्या भागालाही लागतो आणि कमरेच्या हाडालाही. इंग्रजी स्पेलिंगमध्ये मात्र एका अक्षराचा फरक असतो आणि तो संदर्भावरूनच ठरवावा लागतो, म्हणून शरीररचनेचा पाया कच्चा ठेवणारा कोर्स मला घेण्याजोगा वाटत नाही. आता पहिला मसुदा बऱ्याच ठिकाणी संगणकच तयार करतो, त्यामुळे मूळ ध्वनिमुद्रण ऐकून तो दुरुस्त करण्याचा सराव हवाच. नोकरीची हमी तोंडी दिली जात असेल, तर ती लेखी मागावी.