अंगावर पिणाऱ्या बाळाची शी बदलली? घाबरून या चुका करू नका

माझी मुलगी पावणेदोन महिन्यांची होती. तोवर दूध पाजलं की शी, हे ठरलेलं. दिवसाला पाच-सहा लंगोट सहज. मग एक दिवस कोरडा गेला, दुसराही गेला. चौथ्या दिवशी घरातल्या प्रत्येकाकडे एकेक उपाय तयार होता आणि मी रडकुंडीला आले होते. सहाव्या दिवशी तिने एकदाच केली, पाठीपर्यंत, झबल्यासकट. शी पिवळी, मऊ, टूथपेस्टसारखी होती. तिचं पोट मुळात बिघडलेलंच नव्हतं.

दिवस मोजत बसणं

सहा आठवड्यांच्या आसपास, फक्त अंगावर पिणाऱ्या बऱ्याच बाळांची शी एकदम कमी होते. आईचं दूध इतकं पचतं की मागे टाकण्यासारखं फार उरत नाही. काही बाळं तीन दिवसांनी करतात, काही आठवड्याने. बद्धकोष्ठता ओळखायची ती शी किती घट्ट आहे यावरून. शेळीच्या लेंड्यांसारखे कोरडे खडे पडत असतील तर ती बद्धकोष्ठता. आठव्या दिवशी झालेली मऊ शी म्हणजे बद्धकोष्ठता नव्हे. बाळ नीट पितंय, पोट मऊ आहे, दिवसभरात सहा तरी लंगोट ओले होतायत आणि वजन वाढतंय, एवढं पाहा.

हाच हिशेब पहिल्या महिन्यात लावणं

ही चूक जास्त महागात पडते. जन्मानंतर पहिल्या 24 ते 48 तासांत काळी, डांबरासारखी चिकट शी व्हायलाच हवी. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती हिरवट होते आणि पाचव्या दिवसापर्यंत पिवळी, मोहरीच्या दाण्यांसारखे कण असलेली. तिथून पुढे महिनाभर दिवसाला साधारण तीन-चार वेळा तरी शी होते. पाचव्या दिवशीही काळीच शी होत असेल, किंवा दोन आठवड्यांचं बाळ दिवसभर शीच करत नसेल, तर ‘अंगावरच्या बाळाचं असंच असतं’ म्हणून थांबू नका. अनेकदा बाळाच्या पोटात पुरेसं दूधच जात नसतं. त्याच दिवशी वजन करून घ्या आणि बाळ स्तन नीट तोंडात धरतंय का, हे जाणकाराला दाखवा. 48 तासांत पहिली शी झालीच नाही, तर डॉक्टरांनी तपासायलाच हवं.

कुंथतंय म्हणजे अडकलंय, असं समजणं

चेहरा लालबुंद, मुठी आवळलेल्या, पाय पोटाशी, दहा मिनिटं रडणं आणि शेवटी मऊ शी. बघणाऱ्याचा जीव कासावीस होतो. पण बाळ तेव्हा एक गोष्ट शिकत असतं: पोटाने जोर लावायचा आणि त्याच वेळी खालचे स्नायू सैल सोडायचे. दोन्ही एकदम जमायला काही आठवडे लागतात. अशा वेळी साबणाची कांडी किंवा थर्मामीटर गुदद्वारात घालू नका. इजा होऊ शकते, शिवाय बाहेरून टोचल्याशिवाय शी न करण्याची सवय लागते. गुडघे हलकेच पोटाशी न्या, सायकलसारखे पाय फिरवा. एवढं पुरे.

पाणी, मध, ग्राइप वॉटर

आईच्या दुधात 87 टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं, त्यामुळे सहा महिन्यांपर्यंत वरचं पाणी लागत नाही. पाण्याने इवलंसं पोट भरतं आणि तेवढं दूध कमी जातं. मध तर वर्षाच्या आत बोटभरही चाटवू नका. त्यातल्या जिवाणूंमुळे बॉट्युलिझम, म्हणजे स्नायू लुळे पाडणारा गंभीर आजार, होऊ शकतो, आणि त्याचं पहिलं लक्षण बहुधा बद्धकोष्ठताच असतं. म्हणजे शी व्हावी म्हणून मध द्यायचा आणि त्यातूनच खरा आजार ओढवून घ्यायचा. ग्राइप वॉटरचीही गरज नाही.

पातळ शी पाहून दूध तोडणं

अंगावरच्या बाळाची शी पातळच असते. नेहमीपेक्षा अचानक जास्त वेळा, निव्वळ पाण्यासारखी, दुर्गंधी किंवा शेम (चिकट, बुळबुळीत स्राव) असलेली होऊ लागली की ते जुलाब. तेव्हाही अंगावर पाजणं बंद करू नका, उलट जास्त वेळा पाजा. मोठ्यांचं जुलाब थांबवायचं औषध बाळाला कधीही देऊ नका. डोक्यावरची टाळू खोल गेली, तोंड कोरडं पडलं किंवा शू कमी झाली, तर लगेच दवाखाना गाठा.

अधूनमधून हिरवी शी झाली, तर बाळ खेळकर असताना काळजीचं कारण नाही. आईने लगेच जेवणातले पदार्थ तोडू नयेत. सहा महिन्यांनंतर वरचं अन्न सुरू झालं की रंग, वास, घट्टपणा सगळंच बदलतं.

रंगाकडे काणाडोळा

पांढरट, राखाडी किंवा मातकट फिकी शी दिसली की त्याच दिवशी डॉक्टर. पित्तनलिका, म्हणजे यकृतातलं पित्त आतड्यात नेणारी नळी, बंद असल्याची ती खूण असू शकते, आणि त्या आजाराची शस्त्रक्रिया 60 दिवसांच्या आत झाली तर तिचा उपयोग सर्वाधिक होतो. शीमध्ये रक्त, पहिले काही दिवस सरल्यावर पुन्हा काळी शी, हिरवी उलटी, फुगलेलं टणक पोट, तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 38 अंश सेल्सियस किंवा अधिक ताप, यातलं काहीही असेल तर रात्र असली तरी निघा. जाताना तो लंगोट सोबत घ्या, किंवा उजेडात त्याचा फोटो काढून न्या.