एच-१बी आणि वकील: या चुका टाळा

पुण्याहून अमेरिकेत गेलेल्या आयटीवाल्याला ‘तुझा वकील कोण?’ असं विचारलं, की तो कंपनीच्या लॉ फर्मचं नाव सांगतो. पहिली गफलत इथेच. एच-१बी या अमेरिकेतल्या नोकरीच्या व्हिसाची पिटिशन (सरकारकडचा अर्ज) कंपनीची, फी कंपनीची, आणि वकील फोन उचलतो तोही आधी एचआरचा. कागदोपत्री तो दोघांचा असला, तरी नोकरी बदलायचा बेत त्याच्या कानावर घालू नका. तो कंपनीपासून गुप्त राहीलच असं नाही. असा प्रश्न असेल तर बाहेरच्या वकिलाला तासाभराची फी द्यावी.

‘एचआरकडे आहे सगळं’ म्हणत लोक निवांत राहतात आणि ले-ऑफच्या दिवशी लॅपटॉपबरोबर कंपनीचा ईमेलही जातो. आय-७९७ (मंजुरीची नोटीस), पिटिशनची प्रत, पे-स्लिपा स्वतःच्या मेलवर हव्यात. आय-१४० (ग्रीन कार्डसाठी कंपनीने केलेला अर्ज) मंजूर असेल तर ती नोटीसही मागा. अर्ज कंपनीचा असल्याने कंपन्या कुरकुरतात. निदान रिसीट नंबर आणि प्रायॉरिटी डेट (रांगेत नंबर लागल्याची तारीख) तरी लिहून घ्या. ग्रीन कार्डच्या रांगेतली ती तारीख सहसा पुढच्या नोकरीतही कामी येते.

सगळ्यात फसवी जागा म्हणजे आय-९४, अमेरिकेत शिरताना होणारी प्रवेशाची नोंद. व्हिसाचा शिक्का देशात शिरण्यापुरता. कधीपर्यंत राहायचं ते आय-९४ वर ठरतं. समजा, पिटिशन सप्टेंबर २०२८ पर्यंत मंजूर आहे, पण पासपोर्ट मार्च २०२७ मध्ये संपतोय. विमानतळावरचा अधिकारी बऱ्याचदा पासपोर्टच्या तारखेपर्यंतच आय-९४ देतो, आणि नवा पासपोर्ट काढल्याने ती आपोआप पुढे सरकत नाही. तुम्ही गणपतीला घरी जाऊन आलात हे वकिलाला कोण सांगणार? परतलात की सीबीपीच्या (अमेरिकेच्या सीमा-तपासणी खात्याच्या) साइटवरून आय-९४ काढा, तारीख वाचा, त्याला पाठवा.

आपल्याकडे नोटरी बहुधा वकीलच असतो, म्हणून तिथल्या ‘नोटरी पब्लिक’वरही विश्वास बसतो. तिथे नुसत्या नोटरीला कायदेशीर सल्ला द्यायचा अधिकार नाही. वकिलाचं नाव राज्याच्या बार असोसिएशनच्या किंवा कोर्टाच्या साइटवर पडताळा. मित्रमंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपबद्दल न बोललेलंच बरं.

काही छोट्या कन्सल्टन्सी पिटिशनचा खर्च पगारातून कापतात. एच-१बीची वकील फी हा मालकाचा धंद्याचा खर्च मानला जातो. ट्रेनिंगसाठीची सरकारी फी तर कर्मचाऱ्याकडून वसूल करायला कायद्यानेच मनाई आहे. सही करण्याआधी ऑफर लेटरमधलं हे कलम बाहेरच्या वकिलाला दाखवा.

नोकरी गेली तर हाताशी जास्तीत जास्त ६० दिवस, आणि आय-९४ त्याआधी संपत असेल तर तेवढेच. सेव्हरन्सचे (नोकरी जाताना मिळणारे) पैसे येत राहिले म्हणून मुदत वाढत नाही. नवी पिटिशन त्या आतच दाखल व्हावी लागते आणि तिच्याआधीच्या एलसीएलाच (कंपनीने मजूर खात्याकडे करायच्या अर्जाला) कामकाजाचे सात दिवस लागतात, म्हणून वकील पहिल्याच आठवड्यात गाठा.