एसयूव्हीसाठी ट्रेलर हिच: कंपनीची घ्यावी की बाहेरून बसवावी?

ट्रेलर हिच म्हणजे गाडीच्या मागे, बंपरच्या खाली, सांगाड्याला बोल्टांनी जखडलेली पोलादी चौकट. अमेरिकी पद्धतीच्या हिचला मधोमध एक चौकोनी नळी असते. तिला रिसीव्हर म्हणतात आणि तिच्यात बॉल माउंट (ट्रेलर जोडायचा गोळा ज्यावर बसतो तो दांडा) किंवा सायकलींचा रॅक सरकवून पिन लावतात. युरोपीय पद्धतीत नळीऐवजी हंसाच्या मानेसारखा वाकवलेला दांडा आणि त्याच्या टोकाला ५० मिलिमीटरचा गोळा असतो. ही निव्वळ लोखंडाची वस्तू दिसते, त्यामुळे कंपनीच्या आणि बाहेरच्या हिचमध्ये असा काय फरक असणार, असे सहज वाटते. लोखंडापुरते ते बरेचसे खरेही आहे. खरा फरक त्या लोखंडामागे गाडीत आणखी काय बसवलेले आहे यात असतो, आणि निवड करताना लक्ष तिथे द्यावे लागते.

पायरी १ : काय ओढायचे ते वजनासकट ठरवा

ट्रेलरचे रिकामे वजन हिशोबात धरून उपयोग नाही. सामान, पाणी आणि इंधन भरल्यावर तो जेवढा भरेल तेवढे वजन धरावे. त्यानंतर टंग वेट पाहावे. ट्रेलरचा पुढचा जोड हिचच्या गोळ्यावर जो उभा भार टाकतो, त्याला टंग वेट म्हणतात. अमेरिकी पद्धतीत तो ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावा असे धरतात, युरोपात तो याहून बराच कमी असतो. हा भार फार कमी झाला की ट्रेलर वेगात शेपटीसारखा हेलकावे खाऊ लागतो, आणि फार वाढला की गाडीची मागची बाजू बसते, पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंग सैल वाटू लागते.

वजनकाट्याची सोय नसेल तर टंग वेट घरच्या माणसे मोजण्याच्या काट्यावरही काढता येते. काट्यावर आणि त्याच उंचीच्या विटेवर मिळून एक भक्कम फळी आडवी ठेवावी, दोन्ही टेकूंमध्ये तीन फूट अंतर राखावे आणि ट्रेलरचा जोड विटेपासून एक फुटावर टेकवावा. काट्यावर येणाऱ्या आकड्याची तिप्पट म्हणजे टंग वेट. ट्रेलर या वेळी समतल उभा असावा आणि त्याच्या चाकांना अडसर लावलेले असावेत.

केवळ सायकली न्यायच्या असतील तरी वजन मोजावेच. दोन विजेच्या सायकली आणि रॅक मिळून सहज ७५ किलो होतात, आणि हे वजन हिचपासून मागे लोंबत असल्याने खड्ड्यात त्याचा झटका आकड्यापेक्षा जास्त बसतो.

पायरी २ : गाडीची मर्यादा वाचा, हिचची नंतर

नवखे लोक सर्वाधिक चुकतात ते इथे. ३,६०० किलोची हिच बसवली म्हणून १,५०० किलो ओढू शकणारी गाडी ३,६०० किलो ओढू लागत नाही. गाडी, हिच, बॉल माउंट, गोळा आणि ट्रेलरचा जोड या साखळीत ज्याचा आकडा सर्वांत लहान, तोच सगळ्यांचा आकडा.

गाडीच्या पुस्तिकेत ओढण्याची कमाल क्षमता दिलेली असते, आणि अनेक मॉडेलांत ती टोइंग पॅकेज (ट्रेलर ओढण्यासाठी कारखान्यातच बसवलेला साहित्याचा संच) असताना वेगळी आणि नसताना वेगळी असते. चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर किंवा पुस्तिकेत माणसे आणि सामान मिळून गाडीत किती वजन चालेल ते सापडते. टंग वेट याच वजनातून वजा होते, हे बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही. उदाहरणार्थ, गाडीला ५२० किलो वजन चालते आणि ती २,३०० किलोचा ट्रेलर ओढू शकते असे समजा. आत पाच माणसांचे ३५० किलो, डिकीत ८० किलो सामान आणि नंतर बसवलेल्या हिचचे स्वतःचे २५ किलो धरले, तर शिल्लक उरतात ६५ किलो. दहा टक्क्यांच्या हिशोबाने एवढ्यात जेमतेम ६५० किलोचा ट्रेलर बसतो. २,३०० हा आकडा पुस्तिकेतच राहतो.

पायरी ३ : कंपनीच्या पॅकेजमध्ये काय येते ते यादी मागवून पाहा

कारखान्यातून टोइंग पॅकेजसह निघालेल्या गाडीत हिचबरोबर सहसा गिअरबॉक्सच्या तेलासाठी जादा कूलर, मोठा रेडिएटर किंवा जास्त ताकदीचा पंखा, ट्रेलरच्या सॉकेटपर्यंतचे वायरिंग आणि ट्रेलर जोडल्याचे ओळखून हेलकावे आवरणारी संगणकप्रणाली येते. काही गाड्यांत मागचे सस्पेन्शन आणि डिफरन्शियलचे गिअर प्रमाणही बदललेले असते. प्रत्येक पॅकेजमध्ये हे सारे असतेच असे नाही, त्यामुळे नावावर न जाता यादी वाचावी.

या यादीत माझ्या मते सर्वांत मोलाचा तो कूलर. जड ट्रेलर घेऊन लांब घाट चढताना ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल तापते, तापून त्याचे गुण उतरतात, आणि आतल्या क्लचपट्ट्या घसरू लागल्या की उष्णता आणखी वाढते. याची खूण डॅशबोर्डवर दिसेपर्यंत बराचसा घात होऊन गेलेला असतो. कूलर बाहेरून बसवता येतो, मात्र त्यामुळे पुस्तिकेतली क्षमता वाढत नाही. गिअर प्रमाण आणि सॉफ्टवेअर नंतर बदलणे तर बहुतेकांच्या आवाक्याबाहेरचेच.

ज्यांनी गाडी अजून घेतलेली नाही आणि ज्यांना सुमारे दीड टनापेक्षा जड ट्रेलर नियमित ओढायचा आहे, त्यांनी पॅकेजसहच गाडी मागवावी. तिथे फार विचार करण्यासारखे काही नाही. याउलट ज्यांना वर्षातून चार वेळा हलका ट्रेलर किंवा सायकलींचा रॅक लावायचा आहे, त्यांनी या सगळ्यासाठी पैसे मोजण्याचे कारण नाही. नामांकित उत्पादकाची, त्या मॉडेलसाठी म्हणूनच बनवलेली बाहेरची हिच त्यांचे काम उत्तम करते.

एक तिसरा प्रकारही आहे. कंपनीच्या शिक्क्याची हिच विक्रेत्याकडे नंतर बसवून मिळते, आणि ग्राहक तिलाच फॅक्टरी हिच समजतो. ती गाडीवर नेमकी बसते आणि वॉरंटीचा प्रश्नही सहसा सोपा होतो, पण तिच्याबरोबर कूलर येतोच असे नाही. 'ही बसवल्यावर माझ्या गाडीची मान्य क्षमता किती होईल?' असा सरळ प्रश्न विचारून उत्तर लेखी घ्यावे.

पायरी ४ : बाहेरची घ्यायची तर वर्ग, माप आणि जागा तपासा

अमेरिकी वर्गवारीत पहिला वर्ग सुमारे ९०० किलोपर्यंत आणि दुसरा सुमारे १,६०० किलोपर्यंत असतो. दोन्हींचे रिसीव्हर सहसा सव्वा इंची असतात. बहुतेक मध्यम आणि मोठ्या एसयूव्हींना तिसऱ्या वर्गाची, दोन इंची रिसीव्हरची हिच लागते. ओढायचे काही नसले तरी रॅकसाठी दोन इंची घेतलेली बरी, कारण चार सायकलींचे रॅक बहुधा त्याच मापात येतात. सव्वा इंचीला अडॅप्टर लावून दोन इंची करता येते, पण क्षमता जुनीच राहते. हिचवरील पट्टीवर पुष्कळदा दोन आकडे असतात. त्यांतला मोठा आकडा वजन विभागणारी जोडणी, म्हणजे टंग वेटचा काही भाग गाडीच्या पुढच्या चाकांवरही टाकणारी जोडणी, वापरली तरच लागू होतो.

युरोपीय हिचवर यूएन रेग्युलेशन ५५ नुसारची मान्यता आणि किलोन्यूटनमधला डी-आकडा, म्हणजे ओढताना हिच किती ताण सोसते तो आकडा, कोरलेला असतो. गाडी आणि ट्रेलर यांच्या टनांतील कमाल वजनांचा गुणाकार त्यांच्या बेरजेने भागून ९.८१ ने गुणला की आपल्याला लागणारा आकडा निघतो. अडीच टनांची गाडी आणि दोन टनांचा ट्रेलर असेल तर तो सुमारे १०.९ येतो, हिचवर निदान तेवढा हवा. अमेरिकी दोन इंची आणि युरोपीय ५० मिलिमीटरचा गोळा हाताला सारखेच वाटतात, पण त्यांत ०.८ मिलिमीटरचा फरक आहे. एकाचा जोड दुसऱ्यावर वापरू नये.

त्यानंतर गाडीखाली वाकून जागा पाहावी. कंपनीची हिच अनेक एसयूव्हींत बंपरच्या आतल्या तुळईची जागा घेते आणि वर लपते. बाहेरची बहुधा खाली लोंबते, त्यामुळे चढउतारावर ती जमिनीला घासते. बंपरचे प्लास्टिक कापावे लागेल का, खाली टांगलेले स्टेपनी चाक निघेल का, हे आधीच विचारावे. माझ्या गाडीत पायाच्या इशाऱ्याने डिकी उघडणारा सेन्सर नेमका रिसीव्हरच्या मागे गेला, आणि पुढे कित्येक महिने मी हातात पिशव्या घेऊन बंपरखाली पाय हलवत उभा राहिलो.

पायरी ५ : वायरिंगवर काटकसर करू नका

चार पिनांच्या सॉकेटमधून मागचे दिवे, डाव्या बाजूचा ब्रेक व इंडिकेटर, उजव्या बाजूचा ब्रेक व इंडिकेटर आणि अर्थिंग एवढेच जाते. अमेरिकी सात पिनांत याखेरीज विजेचे ब्रेक, बारा व्होल्टचा पुरवठा आणि रिव्हर्सचा दिवा येतो. युरोपात सात आणि तेरा पिनांची सॉकेट चालतात. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असतील तर चार पिनांनी भागणार नाही, आणि युरोपात ७५० किलोपेक्षा जड ट्रेलरला ब्रेक असावेच लागतात.

आजच्या गाड्यांत टेललाइटच्या वायरीला थेट जोड मारणे धोक्याचे आहे. दिव्यात किती करंट जातो यावर गाडीचा संगणक नजर ठेवतो, त्यामुळे जादा दिव्यांचा भार दिसताच तो बिघाडाची सूचना देतो किंवा ते सर्किट बंद करतो. म्हणून बॅटरीवरून स्वतंत्र, फ्यूज असलेला पुरवठा घेणारा कन्व्हर्टर (गाडीच्या दिव्यांचे संकेत ओळखून ट्रेलरच्या दिव्यांना वेगळी वीज देणारी डबी) त्या मॉडेलच्या तयार कनेक्टरसह बसवावा. मागचे पार्किंग सेन्सर ट्रेलर जोडल्यावर आपोआप बंद होणे आणि हेलकावे आवरणारी प्रणाली चालू होणे हे मात्र गाडीच्या संगणकात ट्रेलर मॉड्यूलची (ट्रेलर जोडल्याचे संगणकाला कळवणाऱ्या भागाची) नोंद केल्याशिवाय होत नाही. ती नोंद कोण करणार, हे हिच विकत घेण्यापूर्वीच ठरवावे.

पायरी ६ : बसवणे आणि पहिली फेरी

चांगल्या हिचचे बोल्ट सांगाड्यात आधीच असलेल्या भोकांत जातात. तिथले नट कारखान्यात वेल्ड केलेले असतात, आणि गाडी जुनी असेल तर त्यांचे आटे गंजाने व मातीने भरलेले असतात. तारेच्या ब्रशने आणि तेलाने ते साफ केल्याशिवाय बोल्ट यंत्राने फिरवू नये. पहिले काही फेरे बोटांनीच फिरले पाहिजेत. अडलेला बोल्ट जोराने आवळला की नट आतल्या आत सुटतो, आणि मग सांगाडा कापण्यावाचून गत्यंतर राहत नाही. शेवटचा आवळा टॉर्क पान्यानेच (किती जोराने आवळले ते मोजणाऱ्या पान्याने), सूचनापत्रकातल्या आकड्यापर्यंत द्यावा. नवे भोक पाडावे लागले तर उघड्या धातूला गंजरोधक रंग लावावा.

ट्रेलर जोडून समतल जमिनीवर बाजूने पाहावे. त्याचे नाक वर किंवा खाली असेल तर बॉल माउंटची उंची बदलावी. दुसऱ्या माणसाला मागे उभे करून प्रत्येक दिवा तपासावा आणि सुरक्षेच्या साखळ्या जोडाखाली एकमेकींवरून तिरप्या लावाव्यात. पहिल्या लांब फेरीनंतर सगळे बोल्ट टॉर्क पान्याने पुन्हा तपासावेत. बोल्टाभोवती चकचकीत घासलेला धातू, रंगाला गेलेली बारीक भेग किंवा लंबगोल झालेले भोक दिसले, तर ट्रेलर तिथेच सोडवून ठेवावा आणि हिच उतरवून पाहावी.