छातीवर कुणी बसलं म्हणाली, तर आधी हे विचारा

गावात कुणाला 'काही दिसलं' की घरचे भगताकडे धावतात, नाही तर मुंबईचा मुलगा फोनवर सांगतो, "असं काही नसतं, मनाचे खेळ." दोन्हीकडे ज्याला दिसलं त्याचं म्हणणं कुणी पुरतं ऐकूनच घेत नाही. मी राजापूर तालुक्यातल्या उपकेंद्रात नर्स म्हणून उभी हयात काढली. माझं ठाम मत आहे की अशा अनुभवांना विज्ञानाकडे बरीच चांगली उत्तरं आहेत, पण ती ऐकून घेणाऱ्यालाच सापडतात. दिसलं म्हणते ना, मग दिसलं. का दिसलं, ते शोधायचं.

कसं शोधायचं ते बाळंतिणीच्या खोलीवरून सांगते, कारण अशा गोष्टी मी तिथेच सगळ्यात जास्त ऐकल्या.

एक पहिलटकरीण माहेरी आलेली. पहाटे जाग आली तर दारात बाई उभी. ती आत आली आणि छातीवर बसली. "मावशी, आई हाताच्या अंतरावर झोपली होती. हाक मारायची होती, पण तोंडातून आवाजच निघेना." त्या घरातली एक सून फार पूर्वी बाळंतपणात गेलेली, त्यामुळे 'हडळ' हे उत्तर घरात तयारच होतं.

असं तयार उत्तर बाजूला ठेवा आणि विचारा: उताणी झोपली होतीस का? डोळे उघडे होते का, खोली नेहमीसारखी दिसत होती का? बोट तरी हलत होतं का? किती वेळ चाललं, आणि संपलं कसं? आदल्या दोन-तीन रात्री झोप किती झाली होती? विचारताना उत्तर तिच्या तोंडी घालू नका. "पांढरं लुगडं होतं ना?" असं कुणी विचारलं की आठवणीत ते लुगडं कायमचं पक्कं होतं.

ही उताणी झोपली होती. पाळण्याची दोरी, खुंटीवरची झबली, सगळं स्पष्ट दिसत होतं. अंग लाकडासारखं झालेलं. बाळ रडलं आणि एकदम सुटली. रात्रभर दर दीड-दोन तासांनी दूध पाजणं, दिवसा बघायला येणाऱ्यांची रीघ.

याला डॉक्टर स्लीप पॅरालिसिस म्हणतात. स्वप्नांच्या झोपेत मेंदू हातापायांचे स्नायू ढिले करून ठेवतो, म्हणून तर स्वप्नात कितीही पळलो तरी आपण अंथरुणातच असतो. कधी कधी जाग आधी येते आणि स्नायू मोकळे व्हायला थोडा उशीर लागतो. डोळ्यांपुढे खरी खोली असते आणि तिच्यात उरलेलं स्वप्न चालू राहतं. श्वासपटल आपलं काम करत असतं, पण मुद्दाम खोल श्वास घ्यायला गेलं तर छातीचे स्नायू साथ देत नाहीत. छातीवरचं वजन ते हे. त्यात मेंदूचा धोका ओळखणारा भाग जागा झालेला असतो, त्यामुळे खोलीत कुणीतरी आहे अशी खात्रीच पटते. २०११ साली जुन्या अभ्यासांची एकत्र मोजदाद झाली, तेव्हा १०० पैकी साधारण ८ जणांना आयुष्यात एकदा तरी हे झालेलं आढळलं. विद्यार्थ्यांमध्ये २८ जणांना. कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटावर लोक म्हणतात, म्हातारी येऊन बसते. आमच्याकडे हडळ किंवा मुंजा. अंगात होतं ते सगळीकडे एकच. चेहरा ज्या त्या गावचा.

त्या क्षणी करायचं काय? अंगाशी झटापट करू नका, त्याने घाबरगुंडी वाढते. श्वास आपोआप चालू आहे हे मनात आणा, आणि पायाचा अंगठा किंवा जिभेचं टोक हलवण्यावर लक्ष ठेवा. काही सेकंदांत, फार तर दोन-चार मिनिटांत सुटतं. शेजारी झोपणाऱ्याला श्वास किंवा कण्हणं वेगळं वाटलं तर नावाने हाक मारून खांद्याला हात लावावा. कुशीवर झोपायची सवय लावा. आणि झोप भरून काढा, खरं औषध तेच. त्या घरात मी आजीला सांगितलं की संध्याकाळचं दूध पाजून झालं की बाळ तुम्ही घ्या, पोरीला सलग चार तास झोपू द्या, बघायला येणाऱ्यांना परत पाठवा. हळूहळू तो प्रकार थांबला. दिवसा अनावर झोप येत असेल, हसताना गुडघ्यातला जोरच जात असेल, तर मात्र मेंदूविकार तज्ज्ञाला दाखवायला हवं.

दुसरी गोष्ट तपासायची ती खोलीतली हवा. शेक-शेगडीसाठी कोळसे पेटवायचे आणि 'वारा लागेल' म्हणून दार-खिडकी घट्ट लावायची, हे मी पाहत आले. अर्धवट जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. १९२१ साली अमेरिकेतल्या विल्मर नावाच्या नेत्रतज्ज्ञाने एका कुटुंबाची हकिगत छापली. जुन्या घरात राहायला गेल्यावर त्यांना पावलं ऐकू यायची, माणसं दिसायची, डोकी दुखायची, झाडं मरायची. शेवटी घर उबदार ठेवणाऱ्या, बिघडलेल्या भट्टीचा धूर घरात पसरतो आहे असं निघालं. ती दुरुस्त झाली आणि भुतं गेली. म्हणून विचारा: घरात एकाहून जास्त जणांचं डोकं जड होतं का, मळमळतं का, खळ्यात मोकळ्यावर आलं की बरं वाटतं का? उत्तर 'हो' असेल तर शेगडी तेव्हाच बाहेर काढा, दारं उघडा आणि सगळ्यांना दवाखान्यात न्या. हा वायू जीव घेतो. न्हाणीघरात गॅस गिझर असेल तर त्यालाही हेच लागू.

तिसरी गोष्ट सर्वांत तातडीची. बाळंतीण पुरती जागी असताना, भर दिवसा, तिला आवाज ऐकू येतात. झोपायला मिळालं तरी ती झोपत नाही. "हे माझं बाळ नाही, बदललंय" असं म्हणते. हा बाळंतपणानंतरचा मनोविकार. हजारात एक-दोघींना होतो, बहुतेक वेळा पहिल्या दोन आठवड्यांत. उपचारांनी बाई बरी होते, पण वाट पाहायला वेळ नसतो. तिला आणि बाळाला एकटं सोडू नका, त्याच दिवशी रुग्णालय गाठा. वाटेत सल्ला हवा असेल तर टेलिमानस, म्हणजे मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६.

देवाला गाऱ्हाणं घालायचं असेल तर घाला, मी कधी आड आले नाही. घरच्यांना धीर येतो, तोही लागतो. पण भूत उतरवायला बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. सहा महिने ते सात वर्षं कैद. ओल्या बाळंतिणीला मिरचीची धुरी देताना पाहिलंत तर नातं बघत बसू नका, पोलिसांना फोन करा.

आणि काही अनुभव असे असतात की कारण सांगायची घाईच करू नये. नवरा गेलेल्या म्हाताऱ्या बायका मला हळूच सांगायच्या, "पडवीत त्यांचा खोकला ऐकला." डॉ. रीस यांनी वेल्समधल्या २९३ विधवा-विधुरांना विचारलं होतं (१९७१ साली ते छापून आलं), त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांना गेलेला जोडीदार जवळ असल्यासारखा वाटायचा. बहुतेकांनी हे आधी कुणाला सांगितलंही नव्हतं, आणि पुष्कळांना त्याचा आधारच वाटायचा. इतक्या वर्षांची सोबत मेंदू एकदम सोडत नाही, त्यात वेडेपणा काही नाही. अशा आजीला "भास होतायत" म्हणून गोळ्या सुरू करू नका, की दारावर लिंबू-मिरची बांधून घाबरवू नका. कधी ऐकू आलं, काय आठवलं, ते विचारा आणि बोलू द्या. जेवण तुटलं, झोप गेली, "ते मला बोलावतायत" असं म्हणायला लागली, तर त्याच आठवड्यात डॉक्टरकडे न्या आणि तोवर रात्री तिच्या खोलीत कुणीतरी झोपा.