कपडे आणि बूट घेताना उलटी बाजू आधी पाहावी

दुकानात कपडा किंवा बूट नेहमी दर्शनी बाजूनेच समोर येतो आणि विकणाऱ्याचे बहुतेक कौशल्य त्याच बाजूवर खर्च झालेले असते. म्हणून सदरा हाती आला की तो उलटा करावा, बूट हाती आला की पालथा घालावा आणि मगच रंग व किंमत यांच्याकडे वळावे. नव्या मालाला हा क्रम जितका लागू आहे, तितकाच, किंबहुना अधिक, तो वापरलेल्या मालाला आहे.

सदरा उलटल्यावर त्याची शिवण बोलू लागते. चांगल्या सदऱ्यात बाजूची शिवण दुमडून आत घेतलेली असते, त्यामुळे कापडाची कड कुठेही उघडी राहत नाही. कड नुसती इंटरलॉक करून सोडलेली असेल तर तेवढ्यावरून माल टाकाऊ ठरत नाही. मात्र दोरे लोंबत असतील आणि एका इंचात ८-१० टाकेच भरत असतील, तर तो घाईत शिवलेला आहे असे समजावे. उत्तम सदऱ्यात इंचाला १४ ते १८ टाके असतात. चौकड्याचे कापड असेल तर खिशावरच्या रेषा खालच्या रेषांशी जुळतात का, हे पाहावे, कारण ती जुळवणी करायला कापड जास्त लागते आणि काटकसरी कारखानदार पहिली कात्री तिथेच लावतो. पँटच्या मागच्या शिवणीत माया किती ठेवली आहे, हेही बोटाने चाचपावे. इंचभर माया असेल तर पोट सुटल्यावरही पँट वाढवून घेता येते. तयार कपड्यांत ती बहुधा नसतेच, आणि शिंप्याकडून शिवून घेण्याच्या बाजूने माझ्या मते हे सर्वांत भक्कम कारण आहे. सुती कापड शिवायला टाकण्यापूर्वी पाण्यातून काढून घ्यावे, नाही तर पहिल्याच धुण्यात बाह्या मनगटाच्या वर जातात.

बुटांच्या बाबतीत खरा प्रश्न तळ अप्परला, म्हणजे बुटाच्या वरच्या भागाला, कसा जोडला आहे, हा असतो. बाजारातले बहुसंख्य बूट चिकटवलेले असतात. ब्लेक पद्धतीत तळ आतून थेट शिवलेला असतो आणि आतला पाताबा (तळव्याखालचा सुटा थर) उचलला की टाक्यांची रांग दिसते. गुडइयर वेल्ट पद्धतीत अप्परच्या कडेने चामड्याची एक पट्टी शिवतात आणि तळ त्या पट्टीला शिवतात, त्यामुळे तळ झिजल्यावर अप्परला धक्का न लावता नवा बसवता येतो. या पद्धतीला १९व्या शतकातील चार्ल्स गुडइयर धाकटे यांचे नाव मिळाले. व्हल्कनाइज्ड रबराचे श्रेय ज्यांना दिले जाते, त्यांचे हे चिरंजीव. मात्र कडेवर टाके दिसले म्हणून भुलू नये. चिकटवलेल्या बुटालाही शोभेची टाके घातलेली पट्टी लावतात आणि ते टाके तळापर्यंत पोहोचतच नाहीत. उंची बुटांत खालचे टाके खाचेत लपवलेले असू शकतात, तेव्हा शंका आल्यास तळ बदलून मिळेल का, असे दुकानदाराला सरळ विचारावे.

चामडे अंगठ्याने दाबून पाहावे. चांगल्या कातड्यावर बारीक सुरकुत्या उमटतात आणि बोट काढताच विरतात. पृष्ठभाग घासून वर रंगाचा जाड थर दिलेले कातडे प्लॅस्टिकसारखे सपाट राहते आणि पुढे त्याला चिरा पडतात. माप संध्याकाळी उभे राहून घ्यावे, कारण दिवसभरात पाय थोडा सुजतो. ब्रिटिश मापात एका नंबरचा फरक सुमारे ८.५ मिलिमीटर आणि युरोपीय मापात सुमारे ६.७ मिलिमीटर असतो, त्यामुळे ८ म्हणजे ४२ हा हिशेब ढोबळच राहतो.

कोल्हापुरी चपलेला यातले बरेचसे नियम लागू होतात. तिला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि त्यात महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर यांच्याबरोबर कर्नाटकातील चार जिल्हेही आहेत. घेताना ती आडवी धरून तळाची कड नीट न्याहाळावी: चामड्याचे थर एकावर एक दिसले पाहिजेत आणि मध्ये पुठ्ठा नसावा. शिवण चामड्याच्या वादीची असावी आणि खिळा कुठेही नसावा. बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेल्या कातड्याला एक तुरट वास येतो, तो रेक्झिनला येत नाही. नवी चप्पल पहिले काही दिवस चावतेच. रात्री पट्ट्यांना आणि चपलेच्या अंगठ्याला तेल लावून ठेवले की ती पायाला सरावते. पावसाळ्यात मात्र ती माळ्यावरच बरी.

वापरलेल्या मालाकडे आपल्याकडे अजून थोड्या संकोचाने पाहिले जाते. बोहारणीला जुने कपडे देऊन पातेले घेणाऱ्या घरांतही दुसऱ्याच्या अंगावरचे कापड स्वतः घालण्याची कल्पना पचत नाही. तो संकोच बाजूला ठेवता आला तर कपडा उजेडासमोर धरावा. कोपर आणि बैठक यांच्यापाशी वीण विरळ झाली असेल तर तिथेच तो आधी फाटेल. काखेतले पिवळे डाग सहसा जात नाहीत, पण घासलेली कॉलर चांगला शिंपी उलटवून देतो. लोकरी कोटाला कसर लागल्याची बारीक भोके आहेत का, हे अस्तराच्या बाजूने पाहावे. बाही, उंची आणि कंबर यांत फेरफार करता येतो, खांद्यात मात्र तो परवडत नाही, म्हणून खांदा बसत नसेल तर कपडा कितीही स्वस्त असला तरी परत ठेवावा.

जुने बूट घेताना मोबाइलचा टॉर्च हाताशी असावा. मुंबईत कामाठीपुऱ्याच्या दीड गल्लीत शुक्रवारी पहाटे जोड्यांचा बाजार भरतो, तिथे तर तो लागतोच. आधीच्या मालकाच्या पायाचा ठसा पाताब्यावर खोल उमटला असेल, तर तो बूट तुमच्या पायाचा होणार नाही. पाऊल दुमडते तिथल्या सुरकुत्या चालतात, पण चीर चालत नाही, कारण तिला उपाय नाही. झिजलेली टाच ही मात्र क्षुल्लक बाब आहे. सर्वांत फसवा प्रकार म्हणजे वर्षानुवर्षे खोक्यात पडून राहिलेला पीयू (पॉलियुरेथेन) सोलचा बूट. हवेतील ओलाव्याने हा सोल आतून विघटित होतो आणि दिसायला कोराच राहतो. असाच एक कोरा दिसणारा जोड मी एका लग्नासाठी हौसेने घेतला होता. मांडवात पोहोचेपर्यंत मागे काळ्या चुऱ्याची रांग पडली होती आणि पंगतीला मी अनवाणीच बसलो. तेव्हापासून मी असा सोल नखाने दाबून पाहतो. खूण तशीच राहिली किंवा भुगा निघाला तर बूट खाली ठेवतो.

सौद्याला बसण्यापूर्वी आपल्या ओळखीच्या चांभाराकडे नवा तळ आणि टाच बसवण्याचा दर विचारून ठेवावा, तो मागितलेल्या किमतीत मिळवावा आणि ती बेरीज त्याच प्रतीच्या नव्या बुटाच्या निम्म्याहून अधिक होत असेल तर तो जोड घेऊ नये.